पल्लवी बसमध्ये बसली का?

२६ एप्रिल, शनिवार. ऊन सकाळपासून भाजणारं, वारा अजिबात नाही. बिबड्यांना, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांना, असा दिवस शोधून सापडत नाही, आणि नेमकं त्याच दिवशी... नाही, तुम्हीच सांगा, मालिका बंदच करायची होती तर सुरू कशाला केली?

तुम्हाला सांगतो, मी फोनवर केळीच्या करप्याचं औषध शोधत होतो. सापडली ‘सायकल स्टँड’! कॉलेजच्या पोरापोरींची मालिका, पंधरा वर्षांपूर्वीची. तेव्हा संध्याकाळी आमच्या गावात लाइटच नसायची, बघणार कोण? आता आठवडाभरात मी, बायको मोहिनी, शेजारच्या भिकुबाई, मीनाबाई... सगळी गल्ली तिच्या नादी लागली!

इकडे आमच्या लेकीचं, रुचिकाचं, लग्नानंतरचं पहिलं वर्ष. तळोद्याला तिच्या सासरी घरच्या बिबड्या द्यायच्या, आणि विहीणबाई कोण? पापडसुद्धा उजेडाला धरून बघणाऱ्या! ज्वारीचा घाटा चुलीवर शिजलेला, गरम आहे तोवरच थापायचा. मी फोन धरून उभा, बाया थापायला बसलेल्या.

पडद्यावर पल्लवी घरी न सांगता नाशिकला शिकायला निघालेली. तिच्या मित्राने, सुमितने, बसच्या खिडकीतून रुमाल टाकून तिची जागा धरली, तिचा एक पाय पायरीवर, मागून बापाची हाक... संपलं! पुढचा भागच नाही! अरे, सुरू कशाला केली?

“लोटनभाऊ, फुढलं दखाड ना!” भिकुबाई ओरडल्या.

“काकू, बंद पडली ती. बघणारे नव्हते म्हणे.”

“आम्ही काय शेतस मंग?”

झालं! सगळ्यांचे हात थांबले. मीनाबाई म्हणाल्या, “बाप हाक मारी ऱ्हायना, उतराले जोयजे!” भिकुबाई उसळल्या, “काब्र उतरी ती? रुमाल टाकेल शे, जागा तिनीच!” मग रुमालावर वाद. रुमाल टाकणारा एक, बसणारी दुसरी, चालतं का? मोहिनीने निकाल दिला, “चालतं! मी माहेरी जाताना हे टाकतातच की!”

मला म्हणाली, “अहो, व्हिडिओखाली लोकांनी लिहिलंय, त्यांना विचारा ना!” विचारलं. कुणीतरी लगेच उत्तर दिलं, “काका, आम्ही पंधरा वर्षं त्याच स्टँडवर उभे आहोत.”

सुरू कशाला केली हो?

घाटा पातेल्यातच गार झाला, तो म्हशीने खाल्ला. तळोद्याला शहाद्याच्या दुकानातल्या बिबड्या गेल्या. विहीणबाईंचा फोन आला, घरच्या बिबड्या फार छान झाल्यात म्हणून.