बटाट्याच्या कुकरात चमचे

...नाही, तुम्हीच सांगा, अकरा वर्षं! अकरा वर्षं मी मीरा रोडला हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं साफ करतोय, कात्र्या, चिमटे, सगळं, घासायचं, भिंगाखाली बघायचं, कागदात गुंडाळायचं, तारीख घालायची, मग एकशे चौतीस डिग्रीच्या वाफेत ठेवायचं, मोठ्ठा कुकरच समजा, आणि पाकिटावरच्या टेपच्या रेघा काळ्या झाल्या, म्हणजे वाफ नीट लागली, तरच वर पाठवायचं... आणि पगार? साडेअठरा हजार! वर आमच्या नवघरच्या बिल्डिंगमधले पंढरीनाथकाका सगळ्यांदेखत विचारतात, "काय रे नीलेश, तू तिथे भांडी घासतोस ना?" अहो काका! पण बोलणार काय? दिसत नाही हो, आमचं काम दिसतच नाही!

त्यात आमची सान्वी यंदा दहावीला, तिला क्लास लावायचाय, म्हणून हिंमत केली आणि पगारवाढ मागायला एचआरच्या क्षितिजा मॅडमकडे गेलो. मॅडम मान वर न करता, "नीलेश, या वर्षीची अचिव्हमेंट?" म्हटलं, "मॅडम, आमच्या हत्यारांमुळे कुणाला काही झालं नाही." "हो, पण मग तुम्ही केलंत काय?" आता घ्या! काही झालं असतं तर पहिलं नाव माझं निघालं असतं, आणि झालं नाही तर कॉलम रिकामा! म्हटलं, निदान प्रमोशन तरी? तर म्हणतात, "सिनियर टेक्निशियन आहातच की! त्याच्या वर पोस्ट नाही." त्याच्या वर काय मग, गच्ची?

डोकं फिरलं, तुम्हाला सांगतो! तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला. बाईंनी थांबा म्हणावं की नाही? शिक्का मारून मोकळ्या! नोटीसचे दिवस शिल्लक रजेतून कापले.

घरी समिधा, आमची मिसेस, कपाळाला हात लावून बसली. पण तिचा भाऊ पराग, स्टेशनबाहेर पावभाजीची गाडी आहे त्याची, तो म्हणाला, "भावोजी, टेन्शन नाय घ्यायचं, माझ्याकडे या, ताटल्या धुवायला वीस हजार देतो, रात्रीचं जेवण वर!" ऐकलंत? पावभाजीच्या ताटल्यांना वीस, आणि माणसाच्या पोटात जाणाऱ्या हत्याराला साडेअठरा! दिसत नाही ना, म्हणून!

रविवारी गेलो. आता हाताला सवय म्हणजे सवय, काय करणार? पहिली ताटली भिजवली, ब्रशने घासली, तीनदा धुतली, उजेडात धरून बघितली, कडेला लोण्याचा डाग, परत भिजवली. चमच्यांना वाफ हवी, म्हणून परागच्या कुकरातले बटाटे काढले, चमचे घातले! मग एकेक ताटली कागदात गुंडाळली, वर तारीख, वेळ, सही. एका तासात अकरा ताटल्या! अहो, चांगला स्पीड आहे आमच्यात!

इकडे गिऱ्हाईक खवळलेलं. एक जण ओरडतोय, "अरे भैया, प्लेट दो ना यार!" मागून एक काकी, "अरे भाई, भाजी ठंडी थई गई!" आणि चौघं तर गुंडाळलेल्या ताटल्या पार्सल समजून घेऊन गेले, घरी जाऊन उघडलं तर आत पावही नाही न् भाजीही नाही, स्वच्छ ताटली! तिघं भांडायला परत आले. चौथ्याने ताटली ठेवूनच घेतली.

नऊ वाजता परागने हात जोडले. "भावोजी, पाया पडतो, घरी जा! आणि बटाटे कुठे ठेवलेत तेवढं सांगा." सख्खा मेव्हणा हो! आयुष्यात पहिल्यांदा माझं काम लोकांना दिसलं, आणि दोन तासांत मला हाकललं!

सोमवारी शेपूट घालून क्षितिजा मॅडमसमोर. म्हणाल्या, "घेऊ ना, जागा रिकामीच आहे. पण नवीन जॉइनिंग, म्हणजे फ्रेशरचा पगार. चौदा." चौदा! एकोणचाळीसाव्या वर्षी फ्रेशर! सही केली, सान्वी डोळ्यासमोर आली, काय करणार? आणि फ्रेशरला एक आठवडा ट्रेनिंग कंपल्सरी. म्हटलं, ट्रेनिंग देणार कोण? तर मॅडम कागद चाळतात, चाळतात, आणि म्हणतात, "अय्या, ते तर तुम्हीच देता ना?"

तेव्हा आठवडाभर मी मलाच शिकवतोय. रजिस्टरवर शिकवणाऱ्याची सही माझी, शिकणाऱ्याची सही माझी... आणि पगार तेवढा शिकणाऱ्याचा!