बाजाराच्या दिवशी चढलेली रेघ

(सन २०१०, संक्रांतीचा आदला दिवस. गोंदियातलं एक सायबर कॅफे. दवनीवाड्याची दुर्गेश्वरी कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसली आहे; पडद्यावर आलेखाच्या रेघा. बाजूला तिचे बाबूजी नत्थूलाल, गावच्या तलावाचं पाणी पाळीनं वाटणारे. मागं काउंटरवर मालक गुलाबचंद.)

दुर्गेश्वरी : गोष्ट फिरवू नका, बाबूजी. ही रेघ बाजाराच्या दिवशी एकदम उभी काऊन झाली?

नत्थूलाल : चढली ना? मंग खुश हो.

गुलाबचंद : मैं बताता हूँ, बिटिया. ट्रॅक्टर भरून माणसं आणली यांनी. एकेक आला, डाउनलोडचं बटन दाबलं, गेला. मेरे को लगा, चुनाव है.

नत्थूलाल : चुनावच होय ना तो! हिनंच सांगतलं, इथं दोन प्रोग्रामची तुलना दिसते. पाणी वाटाचा एक हिचा, एक जर्मनीवाल्याचा. दोनी फुकट, कोणी बी न्या, कोणी बी बदला. संक्रांतीपर्यंत हिची रेघ मागंच राहिली तर ही आपला पुसून टाकणार, अन् पुण्याले नोकरीवर जाणार. मंग बापानं का पाहत बसाचं?

दुर्गेश्वरी : शामकलाकाकी बी आली होती म्हणे.

नत्थूलाल : आली ना. बोट पुढं करून उभी. म्हणे, शाई कोण लावते?

दुर्गेश्वरी : अगं माय! तिच्या घरी कॉम्प्युटर तरी आहे का? बाबूजी, तुम्ही चढवली ती रेघ नुसत्या नेण्याची. नेला अन् फेकला तरी चढते. खरी ही खालची. ज्यानं परवानगी दिली, त्याचं मशीन दर आठवड्याला कळवते, मी अजून वापरून राहिलो म्हणून. पण पाहा तरी कशी, सुतासारखी. मी तिच्याकडं पाहणंच सोडलं.

नत्थूलाल : बारीक हाये, पण तुटली कोठी हाये? सरक जरा. हा उंचवटा कोणत्या महिन्यातला?

दुर्गेश्वरी : जुलै. आपल्या धान रोवण्याचे दिवस.

नत्थूलाल : अन् हा दुसरा?

दुर्गेश्वरी : नोव्हेंबर.

नत्थूलाल : दिवाळीनंतर? तवा तर धान कापून वावरातल्या बांध्या कोरड्या पडल्या राहतेत. तवा कोण पाणी सोडते?

दुर्गेश्वरी : ...थांबा. कोणीतरी माझ्या प्रोग्राममध्ये बदल करून प्रत पाठवली आहे. मी उघडलीच नव्हती.

गुलाबचंद : अरे, ये कौन-सी भाषा? सब जलेबी जैसा गोल-गोल!

दुर्गेश्वरी : सिंहली. श्रीलंका आहे, बाबूजी.

नत्थूलाल : रावणाची लंका? तिथं तलाव हायेत?

दुर्गेश्वरी : जुन्या राजांनी खोदलेले, गावोगावी. त्यांचा धानाचा मोठा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होते.

नत्थूलाल : म्हणजे आपला विळा घरी आला का त्यायचा नांगर निघते. अन् मधात येवढा समुद्र! हे बटन कायचं? हे एकटं गोल नाई.

दुर्गेश्वरी : हे इंग्रजीत आहे. बाकी सगळं बदललं त्यांनी, एवढंच ठेवलं.

नत्थूलाल : मंग वाच ना.

दुर्गेश्वरी : ‘नत्थूलाल’ लिहिलं आहे. शेवटच्या बांधीला पहिलं पाणी, हा नियम तुमचा ना? मीच त्याला तुमचं नाव देऊन ठेवलं होतं.

गुलाबचंद : मतलब, वहाँ का आदमी ‘नत्थूलाल’ दबाके पानी छोड़ता है?

नत्थूलाल : त्याले का मालूम, नत्थूलाल कोण?

दुर्गेश्वरी : काहीच नाही. त्याला वाटत असेल, पाणी सोडताना असंच म्हणतात.

नत्थूलाल : शेवटच्या बांधीले पयले... तिथं बी वरच्या बांधीवाले तोंड करत असतीन. असतीनच.

गुलाबचंद : बिटिया, तूने खोला वो प्रोग्राम पुसायचं पान अब भी खुला है. क्या करूँ?

नत्थूलाल : ते बंद कर. बाकी कायले हात नको लावू. तिकडं पाणी सुटून राहिलं असन.