मौनीबाबा

बाबांच्या हातात खटकन वाजणारा कॅमेरा ते गेल्यापासून मुका झाला होता. तो मांडीवर घेऊन ती दुरुस्तीच्या दुकानात बसली होती. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे मित्र होते. त्यातल्या एकाची नजर कॅमेऱ्यावर गेली.

"अरे, मौनीबाबा! वर्षभरच बाजारात होता हा कॅमेरा."

"का? बिघडायचा?"

"छे! बटण दाबलं तरी आवाज म्हणून नाही. लोक आपले फोटो निघाल्यावरही दात काढून बसलेले! गिऱ्हाइकं वैतागली, कंपनीनं गाशा गुंडाळला."

"मग ज्यांनी घेतला त्यांनी काय करायचं?"

"करणार काय? बटण दाबायचं आणि तोंडानंच म्हणायचं, खट्ट!"

"काहीतरीच तुझं!"

"ताई, या," दुकानदारानं हाक मारली. "काय बिघडलंय?"

"काही नाही. एक रोल द्या. काका, तुम्ही दोघं जरा जवळ सरका."