डावीकडे पाहा

हॅलो? … हो, मीच, फिन्टन. बोल डिम्फना. … नाही, मठात नाही पोचलो अजून. … त्यांचा फोन आला होता? … चहाबरोबरचे स्कोन गार होतायत? होऊ देत. गार होण्यापलीकडे स्कोनला आयुष्यात दुसरं काम काय असतं?

बस ठीक आहे. टायरही ठीक. … अगं मीही ठीक. ऑफिसात एकटीच आहेस ना? … मग ऐक. मी डेलिया मावशीच्या घरासमोरच्या शेतात आहे. … शेतात. बससकट.

… नाही, घुसवली नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या. मावशीच्या अंत्यदर्शनाला अख्खं कॉनेमारा लोटलंय. आणि वळणावर मार्टी गिओघन, पिवळं जाकीट घालून, गाड्या लावून देतोय. त्याने मला हात केला, शेताकडे. … पिवळ्या जाकिटातल्या माणसाला नाही कसं म्हणायचं, सांग! त्याला वाटलं, सख्खा भाचा आलाय, येताना माणसंही घेऊन आलाय. म्हणाला, "शाब्बास फिन्टन."

… प्रवासी? प्रवासी आत आहेत. … आत म्हणजे घरात. तेवीसच्या तेवीस. … मी कशाला पाठवू! आपल्याच पत्रकात छापलंयस ना तू, जुन्या पद्धतीच्या घराला भेट, चहा आणि घरचा ब्रेड? … तीन वाजता, पुढच्या गावात, हो, मला माहीत आहे. त्यांना काय माहीत! जुनं घर दिसलं, दारात रांग दिसली, उतरले आणि उभे राहिले. मी माइक शोधेपर्यंत पुढची चौघं उंबऱ्यात.

हाकलतंय कोण? मयताच्या घरी रांगेतल्याला कुणी विचारतं का, तू कुणाचा म्हणून? पुढचा करतो तेच करायचं. हात मिळवायचा, "वाईट झालं" म्हणायचं, शवपेटीपाशी क्षणभर थांबायचं आणि सँडविचकडे सरकायचं. … छान जमतंय त्यांना. आपल्या काही नातेवाइकांपेक्षा बरं.

तो ओहायोचा उंच माणूस बाहेर येऊन मला म्हणाला, "सहलीतलं हे सगळ्यात भारी. पुढच्या खोलीतली ती म्हातारी तर अगदी खरी वाटते हो!" … काय सांगणार? म्हटलं, खरीच आहे. तसा टोपी काढून परत आत गेला. पुन्हा रांगेत.

… मी? मी बसमध्ये. … नाही. … नाही, डिम्फना. मी उद्या चर्चमध्ये येणारच आहे. मागच्या बाकावर बसेन. … पळपुटा म्हण, काही म्हण. मावशीचा कोलमन दारात उभा आहे. मला इथून त्याचं टक्कल दिसतंय. अकरा वर्षांत बरंच वाढलंय.

हो, एका विनोदावरून बोलणं तुटलं. माझ्याच. विसरलो नाहीये मी. … "उजवीकडे पाहा, कॉनेमारातला शेवटचा ब्रह्मचारी, कृपया खायला घालू नका." … अगं हसले ना सगळे! मावसभाऊ कुंपणामागे बादली घेऊन उभा असेल, हे मला काय ठाऊक? एका बाईने त्याच्याकडे बिस्कीट फेकलं, त्याला मी काय करू? … माफी? मागणार होतो. त्या आठवड्यात. मग पुढच्या. मग थंडी आली.

तेव्हापासून हे वळण आलं की मी सांगतो, डावीकडे पाहा. … डावीकडे? काही नाही गं. दलदल आणि दोन मेंढ्या. माणसं फोटो काढतात.

हॉर्न? … हो, एकदा वाजवायचो. मावशीसाठी. ती खिडकीतून हात करायची. आठवड्यातून तीनदा, पावणेबाराला. … काय? … कसलं आधण? … प्रत्येक वेळी? … थांब, नीट सांग. हॉर्न वाजला की केटल ठेवायची? … माझ्यासाठी? … आणि कप?

… तू हे मला आज सांगतेस, डिम्फना? … तिने सांगू नको म्हटलं, आणि तूही… आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं ऐकलंस, तेही नेमकं याच बाबतीत. … नाही, रडत नाहीये. काच पुसतोय. … आतून. हो, आतून.

… आणि मग तो चहा कोण प्यायचं? … कोलमन? … अकरा वर्षं माझा चहा तो पितोय?

थांब, एक मिनिट. होल्झलबाई आल्यात दाराशी. … बोला बाई. … हो? … असं म्हणाला? … बरं. … काही नाही गं, त्या जर्मन बाई. स्वयंपाकघरात घुसून कप विसळतायत, बाह्या सरसावून. गावातल्या बायकांनी त्यांना अ‍ॅप्रनसुद्धा दिलाय. कोलमनने त्यांना विचारलं, वाटेत काय काय पाहिलंत. त्या म्हणाल्या, ड्रायव्हरने वळणावर डावीकडे बघायला लावलं, पण काही दिसलं नाही. … मग काय, तो हसला म्हणे. आणि म्हणाला, ड्रायव्हरला सांगा, त्याचा चहा ओतलाय.

… ऐकलं. ऐकतोय. … जातो गं, जातो. टाय आहे, माइकच्या खणात. … कंपनीचा, हिरवा, त्यावर मेंढी आहे. मावशीला चालेल.

… उतरलो. … हो, चालतोय. मार्टीने टोपी काढली बघ. … बराच चिखल आहे. … रांगेत आहे. माझ्यापुढे ते कॅनडाचे गुरुजी. दुसऱ्यांदा आलेत. फळांच्या केकसाठी, दुसरं काय! … नाही, तू बोलत राहा. काहीही बोल. स्कोनचं बोल.

… दोन माणसं राहिली. … एक.

… कोलमन. … वाईट झालं रे. फार वाईट झालं. … हं? … डावीकडे? …

काही नाही रे. डावीकडे काहीच नाही. पहिल्यापासून.

… डिम्फना, ठेवतो. हात मोकळा हवाय.