घारजाईचे पंख आणि गावाची काठी

मंडळी, डोळे मिटा. एकदा त्या सावळ्याला मनात आणा. आणा, आणा — चप्पल बाहेर ठेवलीय, तिची काळजी नंतर करा! तिच्याकडे देव बघतोय, तुम्ही देवाकडे बघा!

हां. आता माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. देवासाठी सोसणं मोठं, की देवापर्यंत पोचणं मोठं?

पुढचे म्हणतात — सोसणं! मागचे म्हणतात — पोचणं! आणि खांबाला टेकलेले म्हणतात — बुवा, प्रसाद कधी? त्यांचं बरोबर आहे. पण आधी आख्यान!

*देह बैल, देव गाव । बैल मारून कैसी धाव ॥*

वाजवा हो मृदंग! बैलानं गावाला न्यायचं, हे खरं. पण बैलालाच वाटेत पाडलं तर गाव येणार कुठून? ऐका तर मग. ही गोष्ट पुराणातली नाही. परवा-परवाची आहे, आपल्या करवीर भागातल्या सोनतळवडी गावची.

त्या गावात हिंदुराव कारंडे नावाचा माणूस. गावची सासनकाठी धरणारा! चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर काठ्या चढतात, ठाऊक आहे ना? झाडाएवढा उंच बांबू, वर निशाण, सगळीकडे गुलाल, खोबरं. ती काठी कमरेच्या शेल्यात तोलून नाचवायची! काठी एकट्याच्या कमरेला, पण चारी बाजूंनी दोर — आणि दोर धरायला गावातलीच माणसं. दादा, हे काम येरागबाळ्याचं नव्हे!

या हिंदुरावाची लेक तेजश्री. एमआयडीसीत एका कारखान्यात सुट्या भागांची चित्रं काढायची. पोरगी गुणी. पण भक्ती कुणाची? जोतिबाची? ती घरातलीच. तिची स्वतःची भक्ती होती घारजाईची!

कोण ही घारजाई? अहो, आजी, पोथीत शोधू नका, सापडायची नाही. चित्रकथेतली बाई आहे ती. पाठीला हे एवढे पंख, गडाच्या टोकावर उभी. आपली माणसं घरी पोचेपर्यंत ती बसत नाही, पाण्याला शिवत नाही. हॉस्टेलवर एकटी रडत असताना तेजश्रीनं ती गोष्ट वाचली आणि तिचे डोळे पुसले गेले. आता सांगा, जिच्यामुळं डोळे पुसले जातात, तिच्यावर जीव जडणार की नाही?

आणि या चित्रकथावाल्यांची पुण्यात मोठी जत्रा भरते. फॅन कन्व्हेन्शन म्हणतात तिला. नावावर जाऊ नका! आपण वासुदेवाची टोपी घालतो, बहुरूपी सोंग घेतो — तिथं ही पोरं आपापल्या नायकाचं सोंग घेऊन येतात. अंगभर हिरवा रंग लावलेला एक राक्षस तिथं कांदेपोहे खात होता म्हणे, आणि शेजारचा राजपुत्र त्याला म्हणत होता, "लिंबू घ्या की!" संध्याकाळी सोंगांची मिरवणूक. व्यासपीठाच्या या टोकाहून त्या टोकाला चालत जायचं. बस, एवढंच. पण त्या पोरांना विचारा, एवढंच म्हणजे केवढं!

आदल्या वर्षी तेजश्री गेली. फोमच्या चटया कापून, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जोडून, कापडाची पिसं एकेक शिवून तिनं पंख केले. आणि नेम धरला — घारजाई पाणी पीत नाही, मी पण पिणार नाही! घारजाई बसत नाही, मी पण बसणार नाही! त्यात आणखी एक अडचण. चिलखत असं शिवलं होतं की एकदा घातलं की... बायकांनो, कळलं ना? बाथरूमला जायची सोय नाही! म्हणजे पाणी पिऊन करायचं काय? नवे बूट, रिकामं पोट, कोरडा घसा, सगळा भार खांद्यावर. संध्याकाळी व्यासपीठाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि — गेली! धाडकन पडली. एक पंख मोडला. लोकांनी उचलून नेली.

आणि आजकाल पडलेल्या माणसाला हात द्यायच्या आधी मोबाईल वर होतो! व्हिडिओ गावात पोचला. चावडीवरची पोरं हात फडफडवायची — "घार पडली रे, घार पडली!" तेजश्री मान खाली घालून एसटीला जायची. मोडलेला पंख तिनं गोठ्यात नेऊन ठेवला. म्हैस बुजली, आईनं शिव्या घातल्या, आणि आबा, म्हणजे आपले हिंदुराव, तोंड फिरवून बाहेर गेले. तिला वाटलं, आबांना लाज वाटतेय माझी.

वर्ष सरत आलं. पोरीनं परत पंख काढले! मनात एकच — यंदा ते व्यासपीठ आपल्या पायांनी पार करायचं. नाहीतर हे पंख जाळायचे आणि घारजाईचं नाव काढायचं नाही.

गोठ्यात पट्ट्या जोडत बसली होती. आबा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले,

"भार कशावर घेतीस?"

"खांद्यावर, आबा."

"आनि डोंगर चढायचा म्हंतीस? खांदा माज करतो बाळा, भार कंबर वाहती. ऊठ!"

त्यांनी आपला काठीचा शेला आणला. गुलालानं लाल झालेला, बापजाद्यांपासून चालत आलेला! लेकीच्या कमरेला आवळला आणि पंखांचा दांडा त्यात बसवला. तेजश्री उभी राहिली. मंडळी, तेच पंख — पण खांदे मोकळे! तिला रडू आलं. पंख हलके झाले म्हणून नव्हे. ज्या शेल्याला परक्यानं हात लावला तर आबा डोळे वटारायचे, तो आज तिच्या कमरेला होता म्हणून!

मग काय विचारता! सगळं घर कामाला लागलं. आई म्हणाली, "आदी बाईमाणसाची अडचन सोडव, मग पंख लाव!" चिलखताच्या बाजूला हूक आले, चोरखिसा आला. खिशात सुई-दोरा आणि डिंकाची नळी. बूट? आबांनी फर्मान काढलं — डेअरीला दूध घालायला तेच बूट घालून जायचं! सोनेरी बूट, हातात किटली! गाव हसलं. हसू द्या! गाव हसल्याशिवाय कुठला बूट पायाला बसलाय?

एक गोष्ट मात्र अडली. पाणी.

"घारजाईचा नेम आहे आई. तो मोडून तिचा वेश कसा घालू?"

आबा हसले. म्हणाले, "आपल्या काठीची रीत इसरलीस? काठी ज्याच्या कमरंला, त्यानं उपास धरायचा न्हाई. त्यो जेवून निघतो. त्याचा उपास घरचं मानूस धरतंय."

आई लगेच म्हणाली, "मग तुजा नेम मी धरते. मला कुठं पंख लावून हिंडायचंय? सावलीत बसून र्‍हाईन. तू पानी पी."

बघा मंडळी, काय शहाणी रीत आहे! ज्याला बसून राहायचंय त्यानं उपास करावा, ज्याला चढायचंय त्यानं जेवावं. आपल्याकडे नेमकं उलटं! दिवसभर खपते ती उपाशी, आणि पाटावर बसून राहतो तो दुसऱ्यांदा आमटी मागतो! कोण हसलं रे ते? बायकोनं बघितलंय हं!

तो दिवस उजाडला. आबा निघाले लेकीबरोबर, आणि काठीचे दोर धरणारे कोंडीबा आणि रंगराव पण. तिघांच्या डोक्याला फेटे, काखेत दशम्यांचं गाठोडं आणि सरबताची बाटली. तेजश्रीला जरा संकोच वाटला. खोटं कशाला बोला? शहरातल्या मैत्रिणी, तिथं हे तिघं गुलाबी फेट्यातले! पण गंमत ऐका. मैदानात शिरले, तर तिथं कुणाला शेपूट, कुणाला शिंगं, कुणाचं तोंड चांदीचं! एका पोरीनं येऊन कोंडीबाला विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या सिरीजमधले?" कोंडीबा म्हणाला, "आमी सोनतळवडीतलं!" तिनं त्याच्याबरोबर फोटो काढला. तेव्हापासून कोंडीबाची मान खाली येईना!

दिवस झक्क गेला. तेजश्री जरा हिंडली की सावलीला टेकायची, दशमी खायची, सरबत प्यायची. बूट चावला नाही. एक पीस सुटलं, तिथंच टाका घातला. लोक थांबून थांबून पंख बघायचे. आबा लांब उभे राहून बघणाऱ्यांची तोंडं बघायचे.

मिरवणुकीची वेळ झाली. आबांनी पिशवीतून दोर काढले. तेजश्री दचकली.

"आबा, दोर नकोत. घारजाई एकटी असते. तिला कुणी धरत नाही."

"वारं उठलंय, बाळा."

"असू दे. मला एकटीनं जायचंय. नाहीतर लोक म्हणतील, हिला चौघांनी धरून नेली — गेल्या वर्षासारखी!"

बाप काय म्हणाला असेल? वाद घातला नाही. "बरं," म्हणाला. दोर कमरेला गुंडाळले आणि तिघं व्यासपीठाच्या खाली जाऊन उभे राहिले.

तेजश्री पायऱ्यांपाशी आली. ती — तीच पहिली पायरी! पाऊल ठेवलं. चढली! वर आली, दोन्ही पंख उघडले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला! चालली... मधोमध आली... आणि मैदानावरून वारा आला असा — भरारा! पंख शिडासारखे फुगले. डावा पंख ओढू लागला. पोरगी हेलपाटली. पाय सरकला. खाली मोबाईल वर झाले!

मंडळी, सांगा. आता काय करावं तिनं? दात-ओठ खाऊन एकटीनं सोसावं? पडावं, पण हाक मारू नये? तिच्या डोळ्यांपुढं चावडीवरची पोरं आली — घार पडली रे! आणि त्याच वेळी कमरेचा शेला तिला घट्ट लागला. काठी कमरेला एकाच्याच असते. पण दोरांशिवाय डोंगर चढलेली काठी कुणी बघितलीय का?

तिनं तोंड उघडलं आणि खच्चून हाक मारली —

"आबा! दोर!"

अहो, हाक संपायच्या आत तिघं वर! रंगरावानं डाव्या पंखाला दोर घातला, कोंडीबानं उजव्या, आबांनी मागचा धरला. ताण दिला. पंख सरळ! आणि इतक्या वर्षांची सवय — काठी सरळ झाली की तोंडातून काय निघतं? तिघांनी एकदम आरोळी ठोकली —

"जोतिबाच्या नावानं —"

आणि सगळं मैदान, शिंगवालं, शेपटीवालं, तो हिरवा राक्षससुद्धा, ओरडलं —

"चांगभलं!"

म्हणा तुम्ही पण! चांगभलं! अहो, जोरात! तो राक्षस तुमच्यापेक्षा मोठ्यानं ओरडला होता!

चालली घारजाई! दोर ताणलेले, पंख उघडे, मान ताठ. या टोकाहून त्या टोकाला! आपल्या पायांनी! खाली टोप्या उडाल्या. निवेदक धावत आला, माईक पुढं केला. "वा! आपलं नाव?"

तिनं मागं बघितलं. आबा दोर धरून उभे, नजर पंखांच्या टोकाला, जशी डोंगरावर काठीच्या निशाणाला असते तशी. आणि तिला रीत आठवली. डोंगरावर काठी पुकारतात, तेव्हा धरणाऱ्याचं नाव कधी घेत नाहीत. काठी गावाची असते.

ती म्हणाली, "नाव माझं नका घेऊ. गावाचं घ्या. मौजे सोनतळवडी!"

निवेदकानं पुकारलं — "मौजे सोनतळवडी!" हिंदुराव कारंडेनं कितीदा डोंगरावर हे नाव ऐकलं होतं! पण त्या दिवशी त्याला दोर सोडून डोळे पुसता येईनात. दोन्ही हात गुंतलेले! तो तसाच वाहत्या डोळ्यांनी उभा राहिला आणि त्याची छाती भरून आली. लेक माझी! लेक माझ्या काठीची!

खाली उतरल्यावर तेजश्रीनं पहिल्यांदा फोन लावला घरी. "आई, पोचले मी! पार केलं! आता तू पाणी पी!"

आई काय म्हणाली? "आगं, पानी कवाच प्याले! दुपारी आबांनी फोन केला, लेक जेवली म्हून. जिच्यासाठी धरला ती जेवली की उपास सुटला! तू पडली असतीस तर मी काय कोरडी मरू?"

वाजवा मृदंग! *देह बैल, देव गाव । बैल मारून कैसी धाव ॥*

मंडळी, आता कळलं? देवाला तुमचा कोरडा घसा नकोय. देवाला तुम्ही हवे आहात — दारापर्यंत पोचलेले! आणि पडायची वेळ आली की हाक मारायला लाजू नका. हाक मारल्यानं तुमची भक्ती कमी होत नाही. दोर धरणाऱ्याच्या भक्तीला जागा होते!

पटलं? माना डोलल्या. फार छान. मग मला सांगा — त्या तिसऱ्या रांगेतल्या आजी. हां, तुम्हीच, हिरव्या लुगड्यातल्या. मी आख्यान सुरू केल्यापासून बघतोय. ओठ सुकलेत, पाय सुजलेत, आणि तुम्ही पाण्याला गेला नाहीत. का? उठलं तर जागा जाईल म्हणून! आणि शेजारणी तरी काय करतायत? बुवांकडे बघून माना डोलवतायत!

थांबवा तो मृदंग. टाळ खाली ठेवा.

अहो ताई, त्यांच्या जागेवर तुमचा पदर टाका. आणि पलीकडच्या ताई, तुम्ही त्यांचा हात धरा. तो तांब्या इकडं द्या, मागून पुढं, हातोहात येऊ द्या. आजी पाणी पिऊन, पाय मोकळे करून जागेवर येईपर्यंत मी पुढचा शब्द बोलणार नाही. देवसुद्धा तोवर उभा राहील. त्याला सवय आहे!

द्या, द्या, तांब्या पुढं द्या — चांगभलं!