माणूस खाल्लेली गाडी

मी मूळची कोडोलीची. बावड्यात नांदायला येऊन एवढी वर्षं झाली तरी हितल्या बायका मला कोडोलीवालीच म्हणत्यात, नावानं कोण हाक मारत न्हाय, आणि मला बी ते बरं वाटतं, कारण मी पहिल्यापासनं अशीच, चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागं सरकते. शाळा चौथीपर्यंत. पुढं आई म्हणाली पोरीला वाचता येतंय, नाव लिहिता येतंय, आता म्हसरामागं जाऊ दे. मला काय राग आला न्हाय. म्हस कधी प्रश्न विचारत न्हाय.

माझ्या पाठीवर संदीप. त्याला मी कडेवर घेऊन वाढवला, माझ्या कमरेला त्यानं खळगा पाडलाय म्हणून आई हसायची. तो माझ्यासारखा न्हवता, तोंडाचा लई. शिकला, मग गावातल्याच दूध डेअरीत फॅट बघायला लागला, आणि तिथं दूध घालायला येणाऱ्या बायकांची रोज फिरकी घ्यायचा. मावशी, आज म्हशीला पावसात बांधलतं काय, दुधाला पाणी लई सुटलंय. बायका शिव्या द्यायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच खिडकीला यायच्या. आता त्या खिडकीत दुसरं कोण बसतं, मी तिकडं बघत न्हाय.

माझं लग्न बावड्यात झालं. मालक कागलच्या एमआयडीसीत कामाला, लोखंडाचे सुटे भाग तयार हुत्यात तिथं. बावडा ते कागल लांबचा पल्ला, पाळीचं काम, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, लग्नात मोटरसायकल घातली. मागितली न्हवती हो कुणी, हे मी मुद्दाम सांगते. आबा स्वतः शोरूमला गेलते, सगळ्या गाड्यांच्या टाकीवरनं हात फिरवला, लाल नको म्हणाले, काळी द्या, काळी मळत न्हाय. आमच्या दारात गाडी आणून लावली तेव्हा त्यांच्या अंगात नवा सदरा हुता आणि असं तोंड हुतं जसं काय गाडी त्यांनीच बनवलीया.

आणि मालक चालवणार कशी, तर सावकाश. लई सावकाश. सगळी थट्टा करायची. संदीप तर म्हणायचा, दाजी, मागनं म्हस पुढं गेली की, तिला हॉर्न तरी द्या. हे हसायचे आणि आणखी सावकाश चालवायचे. काय सांगू तुम्हाला, नंतर जे काय कागदावर लिहिलं गेलं ते ऐकून मला पहिल्यांदा संदीपचं ते बोलणंच आठवलं.

त्या साली थंडीत गाडीच्या हँडलमधनं आवाज यायला लागला. जुन्या दाराच्या बिजागरीसारखा, कुरकुर कुरकुर, वळवली की जास्त. हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले. त्यांनी ठेवून घेतली, धुतली, ग्रीस मारलं, म्हणाले काय न्हाय, चालवा बिनघोर. थोडे दिवस आवाज गेला, परत आला. हे परत गेले, परत ग्रीस. घरी येऊन मला म्हणाले, आमच्याकडं एखादा भाग खराब निघाला तर त्याला लाल रंग मारून बाजूला टाकत्यात आणि अख्ख्या पाळीला उभं करून विचारत्यात कुणी केला, आणि ही तर एवढी मोठी कंपनी, तिचा माणूस काय न्हाय म्हणतोय म्हणजे काय नसंलच. मी म्हटलं व्हय. मला काय कळतंय त्यातलं.

मग तो दिवस. संदीप हरभऱ्याचे ढाळे घेऊन आलता, एवढा मोठा भारा, एसटीत खांद्यावर घेऊन. आम्ही दारात बसून ढाळे खाल्ले, तो दोन घास जेवला, ह्यांना सुट्टी हुती, हे म्हणाले चल, तुला गाडीवरनं सोडतो. संदीप मागं बसला आणि मला म्हणाला, ताई, आईला फोन लाव, म्हणावं दाजी सोडायला येत्यात, उद्या सकाळपर्यंत पोचतो. मी हसले. हात सुद्धा केला न्हाय, हातात ढाळ्याची टरफलं हुती.

कोडोली जवळच आलती. रस्ता सरळ, दोन्ही बाजूला ऊस, समोर कोण न्हाय, खड्डा न्हाय. हे सांगत्यात, हातातलं हँडल एकदम मोकळं झालं, जसं काय मी ते धरलंय खरं पण ते गाडीचं न्हायच. पुढचं चाक एकीकडं गेलं आणि गाडी बसली. ह्यांचा पाय मोडला. संदीप उडून कडेच्या दगडावर पडला. दवाखान्यात नेईपर्यंत सुद्धा राहिला न्हाय.

कागदावर लिहिलं भरधाव वेगानं आणि निष्काळजीपणे. हे खाटेवर पडून सगळ्यांना एकच सांगत हुते, हँडल मोकळं झालं, हँडल मोकळं झालं. पोलीस म्हणाले पडल्यावर सगळंच मोकळं हुतंय. गावानं ठरवलं, दाजीनं मेव्हण्याला घालवला. कोण म्हणालं पिलेला असंल. हे आयुष्यात प्याले न्हाईत. आई मला म्हणाली, तुझा नवरा काठी टेकून का हुईना, उभा हाय, माझं पोरगं कुठं हाय ते सांग. ती म्हणाली, तू ये, तुझं घर हाय, पण त्याला माझ्या डोळ्याम्होरं आणू नको.

तेव्हापासनं असं की मी माहेरी निघाले की हे माझ्यासंगं एसटीनं कोडोलीपर्यंत यायचे, स्टँडवरच्या चहाच्या गाड्यापाशी बसायचे, आणि मी घरला जाऊन परत येईपर्यंत तिथंच. मी म्हणायचे नका येऊ. हे म्हणायचे, पिशवी जड हाय. पिशवीत काय असायचं, पावशेर चिवडा.

गाडीचं सांगायचं राहिलं. पोलिसांनी सोडल्यावर ती आबांच्या गोठ्याशेजारी आणून टाकलती, हे दवाखान्यात, मग कोण बघणार. बाराव्याला भावकीतली म्हातारी माणसं म्हणाली, माणूस खाल्लेली गाडी दारात ठेवू नये, परत तोंड उघडती. आमच्यात असं मानत्यात. बाकीचे असली गाडी लांबच्या गावात विकत्यात. आबा म्हणाले, विकायची न्हाय, दुसऱ्या कुणाच्या लेकराच्या अंगाखाली जायची न्हाय. भंगारवाल्याला दारात बोलवला आणि पुढ्यात बसून तुकडे करून घेतले. भंगारवाला म्हणालता आबा, इंजिन चांगलं हाय, चाकं चांगली हायत. आबा म्हणाले, काप. मला त्या वेळी वाटलं, बरं केलं. सगळ्यांनाच वाटलं.

वर्ष उलटलं. ह्यांच्या पाळीतला एक सोबती घरला आला, त्याच्याकडं तसलीच गाडी. म्हणाला, कंपनीनं त्या गाड्या माघारी बोलवल्यात, हँडल जिथं बसतं तिथला चेसीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा, जोड कच्चा राहिलाय, टाकीखाली असतंय म्हणून दिसत न्हाय, चेसीच बदलून देत्यात, फुकट. ह्यांनी ऐकलं आणि काठी घेऊन मागच्या दारी गेले. मी भाकरी थापत हुते, ती तव्यावर तशीच राहिली.

जायचं मीच काढलं. हे म्हणत हुते कशाला आता. मी म्हटलं चला. गाडीची कागदं पिशवीत घातली. शोरूममध्ये त्या दिवशी कुणाची तरी नवी गाडी निघत हुती, हार घातलेला, नारळ, नवरा-बायको फोटो काढत हुती, पेढे वाटले, आम्हाला बी दिले. मी पेढा पदराला बांधला. आत एक टाय घातलेला माणूस बसलेला, चांगला हुता बोलायला. त्यानं नंबर घालून बघितलं, म्हणाला हो काका, तुमची गाडी याच लॉटमधली आहे, घेऊन या, फ्रेम बदलून देऊ, मजुरीसुद्धा नाही. हे म्हणाले, गाडी न्हाय. विकली का? न्हाय, मोडीत गेली. मग आम्ही बदलायचं काय, म्हणाला.

तेव्हा मी बोलले. परक्या माणसापुढं आपणहून कधी बोलले न्हवते, माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटला. मी म्हटलं साहेब, बदलून काय नको, नुसतं एवढं लिहून द्या की चेसी आधी तुटली आणि गाडी मग पडली. माझा भाऊ गेलाय त्यात, आणि ह्यांनी घालवला असं माझी आई म्हणती. तिला दाखवायला पाहिजे.

त्यानं आमच्यासाठी पाणी मागवलं. म्हणाला ताई, फ्रेम तपासायला हातात असल्याशिवाय कोण सांगणार आधी काय झालं, गाडीवर जास्त ओझं होतं का, बाहेर कुठं वेल्डिंग केलं होतं का, कंपनी हे सगळं विचारते, आम्ही दुरुस्ती देऊ शकतो, असा दाखला देऊ शकत नाही. मी म्हटलं, तुमच्याकडंच आणलती की, आवाज येतोय म्हणून, तुम्हीच ग्रीस मारलंत. तो म्हणाला तेव्हा कंपनीकडून काही आलं नव्हतं. मग उठताना म्हणाला, नवी घ्यायची असेल तर सध्या एक्सचेंज ऑफर आहे. वाईट मनानं न्हाय म्हणाला, रोज तेच म्हणून म्हणून तोंडात बसलं असंल. पण ह्यांनी माझा दंड धरला आणि आम्ही बाहेर आलो.

कंपनीला फोन केला. एक पोरगी गोड बोलली, वाईट वाटलं म्हणाली, तक्रार नोंदवली म्हणाली, आणि मग म्हणाली, गाडी घेऊन जवळच्या सर्व्हिस सेंटरला जा. मी फोन ठेवला.

आता राहिलं घरात सांगायचं. आणि तिथंच माझा पाय अडकला. ह्यांच्यावरचा ठपका मला काढायचा हुता, पण काढून ठेवणार कुठं, कंपनी घेत न्हाय, मग तो जाणार कुणाकडं ते मला दिसत हुतं. गाडी पसंत केली आबांनी. कापून घेतली आबांनी. कोडोलीच्या एसटीत हे माझ्या शेजारी बसलेले, पिशवी मांडीवर, खिडकीतनं ऊस बघत हुते, आणि त्या जाग्यापाशी एसटी आली की दर खेपेला डोळे मिटून घ्यायचे तसे मिटून घेतले. ते बघितलं आणि मी ठरवलं सांगायचं.

आबा दारात वैरण बांधत हुते. आई चुलीपाशी. मी सगळं सांगितलं, थांबले असते तर परत बोलता आलं नसतं म्हणून एका दमात. आबांनी हातातली दोरी खाली ठेवली. म्हणाले, कुठं तुटलं म्हणत्यात? मी म्हटलं हँडलच्या खाली, टाकीच्या आत, जोडावर. म्हणाले, आपली बी त्यातलीच? मी म्हटलं, व्हय आबा.

आबा वैरणीच्या पेंडीवर बसले. मग म्हणाले, मी बघितलाय तो तुकडा. भंगारवाल्यानं माझ्या पुढ्यात धरलता. म्हणाला आबा, हे बघा, हितं आतनं गंज चढलाय, ही चीर आजची न्हवं, जुनी हाय. मी म्हटलं काप.

एवढंच. आणि थोड्या वेळानं, मीच आणली, मीच कापली.

आई चुलीपासनं उठून आली, उंबऱ्यात उभी राहिली, तिनं सगळं ऐकलं हुतं. आबांनी खुंटीवरची टोपी घातली आणि चालत स्टँडवर गेले. हे चहाच्या गाड्यापाशी बसलेले, आबांना बघून काठी सावरत उठले, ह्यांना वाटलं मारायला आले. आबा म्हणाले, पावणं, चला घराकडं. ह्यांची पिशवी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली. आईनं ताट वाढलं. आई एकदाच म्हणाली, भाकरी घ्या की अजून, आणि ह्यांनी मान खाली घातली ती जेवण हुईपर्यंत वर केली न्हाय.

मला वाटलतं आता सुटलो. ह्यांना झोप लागायला लागली, खरं हाय. पण आबांची गेली. आई सांगती, जेवता जेवता हात थांबतो आणि म्हणत्यात, गंज हुता गं. आम्ही सगळ्यांनी सांगून बघितलं, आबा तुमचा काय दोष, जोड तुम्ही मारलता का, तुम्ही तर दुसऱ्याचं लेकरू वाचावं म्हणून कापली. ऐकून घेत्यात. ज्यांचं काम हुतं त्यांनी ओझं उचललं न्हाय, आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस ते घेऊन बसलं. हे आता सुट्टीला एकटेच कोडोलीला जात्यात, आबांच्या शेजारी कट्ट्यावर बसत्यात.

आणि सकाळी आबा दूध घालायला डेअरीत जात्यात. तिथं तसली काळी, लाल, कुठली बी गाडी लागलेली दिसली की किटली खाली ठेवायची, गुडघ्यावर बसायचं आणि टाकीखाली बोट घालून जोड चाचपायचा. पोरं म्हणत्यात, आबा, सेकंडहँड घ्यायची हाय काय, एवढी तपासताय. आबा म्हणत्यात, पावणं, गाडी कंपनीत दाखवून आलाय का? न्हाय म्हटलं की त्याला सोडत न्हाईत, त्याच्या गाडीला धरून उभे राहत्यात, दूध नासलं तरी चालंल. काही जण गेले, चेसी बदलून आणली, आणि मुद्दाम येऊन आबांना दाखवली. आबा त्या नव्या लोखंडावरनं हात फिरवत्यात आणि म्हणत्यात, जावा, सावकाश जावा.

आई मला म्हणती, त्यांना जरा सांग, लोक हसत्यात. मी सांगत न्हाय. माझं कोणाला काय शाप द्यायचं मन न्हाय, त्या कंपनीत बी जोड मारणारा कुणाचा तरी भाऊच असंल. गाडीवरनं निघालेली सगळी पोरं घरला पोचू देत, एवढंच मागते. आणि हसणाऱ्यांचं काय, हसू देत की. हसत हसत का हुईना, गाडी दाखवून आणली म्हणजे झालं.