वर्षाला अकरा मिलिमीटर

घरांची नोंदणी होते त्या कार्यालयात रांग जागची हलत नव्हती. माझ्या पुढे बहीण-भाऊ उभे होते.

"दादा, अख्खं घर माझ्या नावावर? एवढी माया अचानक कुठून आली?"

"द्यायला गेलं तरी संशय! तुझा स्वभावच तसला."

"शेजारच्या काकू सांगत होत्या, उपग्रहावरच्या रडारनं आपली गल्ली मोजलीय. जमीन वर्षाला अकरा मिलिमीटर खचतेय म्हणे."

"काकूंना सुईत दोरा ओवता येत नाही, आणि गप्पा आकाशातल्या!"

"ढग आडवे आले तरी त्या रडारला दिसतं. पुढच्या वर्षीपासून दर आठवड्याला मोजणार आहेत. गल्लीत सगळ्यांना पत्रं आलीत. आपल्याला नाही आलं?"

"आलं असतं तर सांगितलं नसतं का?"

"मग मागचं दार का लागत नाही?"

"लाकूड आहे. पावसाळ्यात फुगतं."

"आणि उन्हाळ्यात?"

"तुला सही करायचीय की नाही? मागे लोक खोळंबलेत."

"करते की. फक्त एवढं सांग, गेल्या महिन्यात आईला तिथून का हलवलंस?"

"तिला जरा हवापालट."

"बरं. आणि तिच्या लोखंडी कपाटाला?"